उसाच्या फडावरून वायफाय नेताना: दिशिक अँटेनांची जोडणी करण्याची रीत

गावठाणातल्या घरी फायबरची जोडणी पोहोचली आहे, पण शेतातल्या वस्तीवर, गोठ्यात किंवा विहिरीजवळच्या मोटारघरात मोबाइलची रेंजसुद्धा धड मिळत नाही, अशी अडचण आता गावोगावी ऐकू येते. ठिबकचे स्वयंचलित नियंत्रण, गोठ्यातला कॅमेरा, वस्तीवर राहणाऱ्या मुलांचा अभ्यास या सगळ्यांसाठी तिथे इंटरनेट हवे असते. मध्ये चार जणांची शेते असल्यामुळे केबल पुरून नेता येत नाही. नेलीच, तर पुढच्या नांगरटीत ती तुटते. अशा वेळी दोन टोकांना एकमेकींकडे रोखलेल्या दोन दिशिक अँटेना लावून घरचे नेटवर्क वस्तीपर्यंत नेणे हा सर्वांत टिकाऊ आणि स्वस्त उपाय ठरतो. सातारा जिल्ह्यात, ऊसपट्ट्यात, सुमारे ८०० मीटरवरच्या वस्तीसाठी अशी जोडणी मी केली. पहिल्यांदा चुकीची केली आणि नंतर दुरुस्त केली. पुढची सर्व आकडेमोड त्याच अंतराची आहे. रीत मात्र २०० मीटरपासून चार-पाच किलोमीटरपर्यंत तीच राहते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. अडचण फक्त घरातल्या वरच्या मजल्यावर किंवा मागच्या खोलीत रेंज न मिळण्याची असेल, तर दिशिक अँटेनेच्या वाटेला जाऊ नये. दगडी, चिऱ्याच्या किंवा काँक्रीटच्या भिंतींवर अँटेना रोखून फारसे काही साधत नाही. तिथे लॅन केबल ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारी डबी, लावणे हाच खरा उपाय आहे. दिशिक अँटेना मोकळ्या अंतरासाठी असते.

अँटेना नेमके काय करते

अँटेना शक्ती निर्माण करत नाही, मिळालेली शक्ती वाटून देते. घरातल्या राउटरची उभी काडी आपली शक्ती चारही बाजूंना सारखी पसरवते. कंदिलाचा उजेड जसा अंगणभर पडतो, तसेच हे असते. दिशिक अँटेना तीच शक्ती बॅटरीच्या झोताप्रमाणे एका बाजूला एकवटते. हे एकवटणे किती आहे ते ‘डीबीआय’ या एककात सांगतात आणि त्याला गेन म्हणतात. राउटरच्या काडीचा गेन साधारण २ ते ५ डीबीआय असतो, चपट्या पॅनेलचा १४ ते १६, तर सव्वा-दीड फुटी डिशचा २३ च्या आसपास. डेसिबलचा हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे: ३ ने वाढले की शक्ती दुप्पट, १० ने वाढले की दसपट.

दिशिक अँटेनेचा आणखी एक गुण दुकानात कोणी सांगत नाही. ती जशी एकाच दिशेला बोलते, तशी एकाच दिशेचे ऐकते. शेजारच्या घरांतल्या राउटरचा गोंगाट तिच्या कानावर कमी पडतो, आणि गर्दीच्या गावठाणात या गुणाचा उपयोग गेनइतकाच होतो. बाजारात मिळणाऱ्या ‘सिग्नल बूस्टर’ने हे काम होत नाही, कारण तो आवाजाबरोबर गोंगाटही वाढवतो.

ज्यांनी १९८०च्या दशकात गच्चीवर चढून दूरदर्शनची अँटेना फिरवली आहे आणि खाली टीव्हीसमोर बसलेल्याला ‘आता दिसतंय का?’ असे ओरडून विचारले आहे, त्यांना हे सगळे अंगवळणी पडलेलेच आहे. माशाच्या काट्यासारखी दिसणारी ती अँटेना म्हणजे जपानच्या तोहोकू विद्यापीठातील शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६च्या सुमारास पुढे आणलेली यागी-उदा अँटेना होय. वायफायसाठी तीच रचना छोट्या आकारात मिळते. डिशचे तत्त्व पाहायचे असेल, तर जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला जावे. तिथल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश भरीव पत्र्याच्या नाहीत, तारेच्या जाळीच्या आहेत. जाळीची भोके तरंगलांबीपेक्षा पुष्कळ लहान असली की लहरींच्या दृष्टीने ती जाळी पत्र्यासारखीच वागते, आणि वारा मात्र तिच्यातून निघून जातो. वायफाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत चालते. त्याची तरंगलांबी २.४ गिगाहर्ट्झला सव्वाबारा सेंटिमीटर, तर ५ च्या पट्ट्यातल्या ५.८ गिगाहर्ट्झला सव्वापाच सेंटिमीटर भरते. म्हणून वाऱ्याच्या जागी २.४ गिगाहर्ट्झसाठी जाळीची डिश निर्धास्त घ्यावी.

वायफायचे संभाषण दुतर्फा असते, हेही सुरुवातीलाच ध्यानात घ्यावे. घराच्या गच्चीवर मोठी अँटेना लावली की वस्तीवर हातातला मोबाइल थेट जोडला जाईल, अशी पुष्कळांची समजूत असते. मोबाइलला घरचा आवाज ऐकू येईलही, पण त्याची स्वतःची क्षीण हाक ८०० मीटरवर पोहोचवणे अवघड असते. म्हणून दोन्ही टोकांना दिशिक अँटेना हवी. वस्तीवरच्या अँटेनेतून निघालेली लॅन केबल तिथल्या साध्या राउटरला जोडावी, आणि मोबाइल त्या राउटरला जोडावेत.

आधी वाट पाहावी, मग सामान घ्यावे

माझी चूक इथेच झाली. मी जोडणी केली ती मार्चमध्ये, ऊस तुटून गेल्यावर. घराच्या गच्चीवर जमिनीपासून ८ मीटरवर एक अँटेना आणि वस्तीवरच्या गोठ्याच्या पत्र्यावर साडेतीन मीटरवर दुसरी. मधले रान मोकळे होते, पाचट पसरलेले होते, आणि वस्तीवरून घराची टाकी स्वच्छ दिसत होती. सिग्नल उणे ५६ डीबीएम मिळाला (डीबीएम हे सिग्नलच्या शक्तीचे एकक, आणि उणे आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार), कॅमेरे सुरू झाले, आणि मला वाटले की काम फत्ते झाले. भाद्रपदापर्यंत तोच सिग्नल उणे ७८ वर आला आणि वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीबरोबर जोडणी तुटू लागली. अँटेना जागच्या जागी होत्या. मध्ये ऊस उभा राहिला होता.

याचे गणित समजून घेणे आवश्यक आहे, कारण संपूर्ण कामाचा पाया तोच आहे. रेडिओ लहर दोन अँटेनांमध्ये ताणलेल्या दोरीसारखी सरळ रेषेत जात नाही. तिला त्या रेषेभोवती मध्ये फुगलेल्या मृदंगाच्या आकाराची मोकळी जागा लागते. या जागेला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. ८०० मीटर अंतरासाठी ५.८ गिगाहर्ट्झला या मृदंगाची मधोमध त्रिज्या सुमारे ३.२ मीटर भरते आणि २.४ गिगाहर्ट्झला ५ मीटर. त्रिज्येचा किमान ६० टक्के भाग पूर्ण मोकळा असावा असा नियम आहे, म्हणजे ५.८ गिगाहर्ट्झसाठी रेषेच्या खाली सुमारे २ मीटर मोकळे हवेत आणि २.४ साठी ३ मीटर. नजरेला पलीकडचे टोक दिसते एवढ्यावर विसंबून राहू नये, ते याच कारणासाठी.

आता उसाचा हिशेब. चांगला वाढलेला आणि तुरा आलेला ऊस ४ मीटरपर्यंत जातो. माझी रेषा ८ मीटरवरून साडेतीन मीटरवर उतरत होती, म्हणजे गोठ्यापासून १०० मीटरवर ती जमिनीपासून जेमतेम ४ मीटर उंच होती. तिथे मृदंगाची त्रिज्या २.१ मीटर असते आणि तिचा ६० टक्के भाग सुमारे १.३ मीटर, म्हणजे तिथे रेषा किमान ५.३ मीटरवर असायला हवी होती. प्रत्यक्षात ती उसाच्या तुऱ्यांना घासत चालली होती. पाण्याने भरलेली हिरवी पाने ५ गिगाहर्ट्झच्या लहरी फार शोषतात, आणि पावसाने ती ओली झाली की आणखीच. ‘पावसात नेट जाते’ असे लोक म्हणतात, पण या वारंवारतेला ८०० मीटरवर नुसत्या पावसाने पडणारा फरक नगण्य असतो. दोष ओल्या पानांचा असतो, नाही तर जोडात शिरलेल्या पाण्याचा.

दुरुस्ती म्हणून मी अँटेना बदलली नाही. गोठ्याच्या भिंतीला तळापासून धरून दोन इंची जी.आय. पाइप उभा केला, वस्तीवरची अँटेना ६ मीटरवर नेली आणि घरची ९ मीटरवर. रेषा मधोमध साडेसात मीटरवर आली, गोठ्यापासून १०० मीटरवर सुमारे ६.४ मीटर. सिग्नल ऐन सप्टेंबरात उणे ५७ झाला आणि ऊस तुटेपर्यंत तिथेच राहिला. तेव्हापासून विचारणाऱ्या प्रत्येकाला माझे सांगणे एवढेच असते की मोठ्या अँटेनेवर खर्च करण्याआधी खांबाच्या उंचीवर खर्च करावा.

म्हणून सामान घेण्यापूर्वी दोन्ही टोकांमधली वाट चालून पाहावी. कोणत्या रानात कोणते पीक असते, आडसाली ऊस कोणाचा आहे, बांधावर नवी नारळाची किंवा सागाची रोपे लावली आहेत का, वाटेत कोणी घर बांधणार आहे का, हे विचारून घ्यावे. वाटेत जुने आंब्याचे झाड असेल, तर त्याच्या आरपार जाण्याचा हट्ट धरू नये. २.४ गिगाहर्ट्झची लहर एखाद्या विरळ झाडातून कशीबशी जाते, पण दाट आंब्यातून भरवशाची जोडणी मिळत नाही. अशा वेळी तिसऱ्या ठिकाणी, शेजाऱ्याच्या गच्चीवर किंवा उंच टाकीवर, परवानगी घेऊन मधला टप्पा करावा. कोकणात नारळी-पोफळीच्या बागांमधून विखुरलेल्या घरांसाठी बहुधा हाच मार्ग उरतो. पृथ्वीच्या गोलाईची मात्र इतक्या अंतरावर चिंता नको. ८०० मीटरवर तिचा फुगवटा जेमतेम सेंटिमीटरभर असतो.

किती गेन हवा याचा हिशेब

अंदाजाने सामान घेण्यापेक्षा पाच मिनिटे कागद-पेन्सिल घेऊन बसावे. मोकळ्या अवकाशात १ किलोमीटरला २.४ गिगाहर्ट्झची सुमारे १०० डेसिबल घट होते आणि ५.८ गिगाहर्ट्झची सुमारे १०८ डेसिबल. अंतर दुप्पट झाले की आणखी ६ डेसिबल जातात, निम्मे झाले की तेवढेच परत मिळतात. ८०० मीटरला ५.८ गिगाहर्ट्झसाठी ही घट सुमारे १०६ डेसिबल होते.

पाठवणाऱ्या यंत्राची शक्ती २० डीबीएम, म्हणजे १०० मिलिवॅट. त्यात त्या बाजूच्या अँटेनेचे १६ डीबीआय मिळवा, वाटेतली १०६ वजा करा, आणि पलीकडच्या अँटेनेचे १६ मिळवा. उत्तर येते उणे ५४ डीबीएम. ही शक्ती एका वॅटच्या पंचवीस कोटीव्या भागाइतकी आहे, आणि तरीही वायफायसाठी ती उत्तम समजली जाते. प्रत्यक्षात दोन-चार डेसिबल इकडेतिकडे होतात. उणे ५० ते उणे ६५ या पट्ट्यात जोडणी निर्धास्त चालते. उणे ७५ च्या खाली गेली की कुरबुर सुरू होते. या हिशेबाचा खरा फायदा असा, की अपेक्षित आकडा आधीच हातात असतो. हिशेब उणे ५४ सांगत असताना यंत्रावर उणे ७० दिसत असेल, तर जोडणी चालू असली तरी काहीतरी चुकले आहे हे निश्चित समजावे आणि चूक सापडेपर्यंत खाली उतरू नये.

कायद्याची मर्यादाही इथेच पाहून घ्यावी. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून परवान्यावाचून वापरता येतो, पण यंत्राची शक्ती १ वॅटपर्यंत, अँटेनेसह दिशेने जाणारी शक्ती ४ वॅटपर्यंत, म्हणजे ३६ डीबीएमपर्यंत, आणि अँटेना गच्चीच्या वर ५ मीटरच्या आत, अशी अट आहे. ५ गिगाहर्ट्झचे पट्टे २०१८ मध्ये व्यापक प्रमाणात खुले झाले आणि त्यांतल्या वेगवेगळ्या भागांच्या मर्यादा वेगवेगळ्या आहेत. यासाठी यंत्राच्या सेटिंगमध्ये देश म्हणून भारतच निवडावा आणि अँटेनेचा खरा गेन भरावा, म्हणजे यंत्र आपली शक्ती आपणच मर्यादेत ठेवते. वरच्या उदाहरणात २० अधिक १६ मिळून बरोबर ३६ होतात. २३ डीबीआयची डिश लावली, तर यंत्राची शक्ती १३ डीबीएमवर, म्हणजे २० मिलिवॅटवर आणावी लागेल. मोठ्या डिशचा फायदा मग पाठवण्यात उरत नाही, फक्त ऐकण्यात आणि गोंगाट टाळण्यात उरतो. ८०० मीटरला १६ डीबीआयचे पॅनेल पुरते. त्यावर वाऱ्याचा दाब कमी येतो आणि रोख साधायलाही सोपे जाते. डिशचा विचार दोन-तीन किलोमीटरच्या पुढे करावा.

अंतराच्या बाबतीत शंका असेल, तर एवढे सांगतो की व्हेनेझुएलात २००७ मध्ये दोन डोंगरमाथ्यांमध्ये ३८२ किलोमीटरची वायफाय जोडणी यशस्वी झाली होती, आणि तमिळनाडूत थेनीच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने आसपासच्या गावांतील तपासणी केंद्रे अशाच दिशिक अँटेनांनी जोडून रुग्णांची दूरस्थ तपासणी सुरू केली. डोंगरमाथ्यावरून किंवा उंच मनोऱ्यावरून वाट मोकळी मिळते, म्हणूनच हे जमते.

सामान

अँटेना आणि रेडिओ एकाच डबीत असलेली बाहेरची यंत्रे घ्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. स्थानिक दुकानदार त्यांना सीपीई म्हणतात. घरातल्या राउटरची काडी काढून तिथून लांब वायर ओढून गच्चीवर अँटेना लावण्याचा मोह टाळावा, कारण बारीक आरजी-५८ वायर २.४ गिगाहर्ट्झला दर मीटरला सुमारे १ डेसिबल खाते. दहा मीटर वायर म्हणजे दहा डेसिबल, म्हणजे नव्वद टक्के शक्ती वाटेतच संपली. जाड एलएमआर-४०० वायर दर मीटरला पाव डेसिबलहूनही कमी खाते, पण ती महाग असते आणि वळायला ताठर. टीव्हीची केबल तर मुळीच वापरू नये. ती ७५ ओहमची असते आणि वायफायचे सामान ५० ओहमचे. डबी खांबावर असली की तिच्यापर्यंत फक्त लॅन केबल जाते. याच केबलमधून वीजही जाते, आणि १०० मीटरपर्यंत ती बिनतक्रार चालते.

केबल बाहेरच्या वापराची, काळ्या जाड आवरणाची आणि शुद्ध तांब्याची घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल निम्म्या किमतीत मिळते, पण तिच्यातून वीज नेताना व्होल्टेज पडते, आणि यंत्र रात्री-बेरात्री आपोआप बंद-चालू होऊ लागते. सोबत आलेला वीज देणारा अडॅप्टर २४ व्होल्टचा आहे की ४८ व्होल्टचा हे वाचून पाहावे आणि एकाचा दुसऱ्याला लावू नये.

ज्याला हाताने करून पाहण्याची हौस आहे, त्याने २.४ गिगाहर्ट्झसाठी डब्याची अँटेना अवश्य करावी. ९० मिलिमीटर व्यासाचा, किमान १५५ मिलिमीटर लांब पत्र्याचा गोल डबा घ्यावा. बंद तळापासून ५१ मिलिमीटरवर बाजूला भोक पाडून तिथे एन प्रकारचा कनेक्टर बसवावा, आणि त्याच्या मधल्या पिनेला तांब्याची जाड तार झाळावी. डब्याच्या आतल्या भिंतीपासून तारेच्या टोकापर्यंतची उंची ३१ मिलिमीटर, म्हणजे पाव तरंगलांबी, भरली पाहिजे. तार दोन मिलिमीटरने कमी-जास्त झाली तरी फरक जाणवतो, म्हणून ती थोडी लांब ठेवून कानशीने घासत मापावर आणावी. अंगणापलीकडच्या खोलीसाठी हा डबा उत्तम चालतो. पावसात कायमचा लावण्यासाठी मात्र विकतचीच अँटेना घ्यावी.

खांब, रोख आणि बारीक जुळवणी

सगळी सेटिंग खांबावर चढण्याआधी, दोन्ही यंत्रे घरातल्या टेबलावर ठेवून करावी. शक्ती अगदी कमी ठेवावी. एक यंत्र ॲक्सेस पॉइंट आणि दुसरे स्टेशन, म्हणजे त्याला जोडले जाणारे, दोन्ही ब्रिज मोडमध्ये, म्हणजे दोन्ही टोके एकाच नेटवर्कसारखी वागतील. दोघांना वेगवेगळे स्थिर आयपी पत्ते. कारखान्यातून आलेला पासवर्ड बदललेला. जोडणीला डब्ल्यूपीए२ किंवा त्यापुढची सुरक्षा. अंतराच्या रकान्यात प्रत्यक्षापेक्षा किंचित जास्त, म्हणजे १ किलोमीटर, भरावे. लहरीला किलोमीटरला ३.३ मायक्रोसेकंद लागतात, आणि यंत्राने उत्तराची वाट तेवढी पाहिली नाही, तर ते तोच मजकूर पुन्हा पुन्हा पाठवत बसते. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. रुंदी निम्मी केली की कानावर पडणारा गोंगाट ३ डेसिबलने घटतो, आणि चार कॅमेऱ्यांना ८० मेगाहर्ट्झची काहीच गरज नसते. ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास हवामानाची रडार काम करतात. त्या भागात रडारची चाहूल लागताच यंत्राला नियमाने चॅनल सोडावा लागतो, म्हणून ५.७ च्या वरचा पट्टा बरा.

खांब उभा करताना गवंड्याचा ओळंबा सोबत घ्यावा. खांब कलला असेल, तर अँटेना डावी-उजवीकडे फिरवताना तिचा रोख नकळत वर-खालीही जातो आणि कोणत्या बोल्टमुळे काय बदलले ते कळेनासे होते. ओळंबा दोन बाजूंनी, काटकोनात, लावून पाहावा. पाइपला किमान तीन ठिकाणी क्लॅम्प असावेत. पत्र्याच्या छपराला कधीही धरू नये, कारण वाऱ्याने पत्रा हलला की रोखही हलतो.

ढोबळ रोख साधायला आरशासारखे साधन नाही. दुपारच्या उन्हात वस्तीवरच्या माणसाने दाढीचा आरसा हलवून कवडसा पाठवला की ८०० मीटरवर तो लख्ख चमकतो, आणि खांब नेमका कुठे आहे यावर वाद उरत नाही. त्यानंतर बोल्ट एवढेच आवळावेत की अँटेना हाताने फिरेल पण आपोआप हलणार नाही. एका वेळी एकाच टोकाने अँटेना हलवावी, दुसऱ्याने हात लावू नये. सावकाश, पाच-पाच अंश फिरवावे, आणि प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबून मगच आकडा वाचावा, कारण यंत्र आकडा उशिरा बदलते.

इथे एक सापळा आहे. प्रत्येक दिशिक अँटेनेला मुख्य झोताच्या दोन्ही बाजूंना लहान उपझोत असतात. फिरवताना सिग्नल वाढतो, एका जागी शिखर गाठतो आणि पुन्हा कमी होतो. माणसाला वाटते हीच जागा. ती उपझोताची असू शकते, आणि मुख्य झोत आणखी वीस-तीस अंशांवर असू शकतो. म्हणून पहिल्या शिखरावर न थांबता दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहावे आणि सर्वांत मोठे शिखर निवडावे. मग त्याच्या डावीकडे आणि उजवीकडे सिग्नल ३ डेसिबलने पडतो ते दोन बिंदू पाइपवर खडूने खुणावून, अँटेना बरोबर त्यांच्या मध्ये आणावी. शिखर सपाट असते, त्यामुळे त्याचा मध्य डोळ्यांनी सापडत नाही. या दोन खुणांमुळे तो बिनचूक सापडतो. हीच कृती वर-खाली, आणि मग दुसऱ्या टोकाला करावी. शेवटी बोल्ट आवळताना दुसऱ्या माणसाने आकडा वाचत राहावे, कारण पान्याच्या शेवटच्या पिळ्यात अँटेना हमखास सरकते.

ध्रुवणाकडेही लक्ष द्यावे. लहरीचे कंपन उभे आहे की आडवे याला ध्रुवण म्हणतात, आणि एक अँटेना उभी व दुसरी आडवी लागली, तर वीस डेसिबल सहज जातात. आजच्या बहुतेक डब्यांमध्ये उभी आणि आडवी अशा दोन्ही अँटेना असतात, आणि यंत्र या दोन्हींचे, म्हणजे दोन्ही ‘साखळ्यांचे’, आकडे वेगळे दाखवते. हे दोन आकडे दोन-तीन डेसिबलच्या फरकाने जवळजवळ सारखे असावेत. एक उणे ५५ आणि दुसरा उणे ६७ असेल, तर डबी तिरकी लागली आहे, मृदंगात काही आडवे आले आहे, किंवा आतली एक बाजू बिघडली आहे.

पाऊस, वीज आणि वानरे

लॅन केबल घरात किंवा डबीत शिरते तिथे तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे केबलवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी टपकून जाते आणि आत शिरत नाही. उघड्या जोडावर आपोआप चिकटून एकजीव होणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळावी आणि वरून साधी काळी टेप लावावी. समुद्राजवळ क्लॅम्प आणि नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत. जिथे वानरांचा त्रास आहे, तिथे केबल जी.आय. पाइपच्या आतून न्यावी, कारण लोंबती केबल दिसली की ती ओढलीच जाते.

वळवाच्या पावसातल्या विजेचा धोका खरा आहे. खांबाला स्वतंत्र आर्थिंग द्यावे, जाड तारेने आणि शक्य तितक्या सरळ वाटेने, आणि केबल घरात शिरते तिथे लॅनचा सर्ज प्रोटेक्टर बसवून तोही त्याच आर्थिंगला जोडावा. थेट कोसळणाऱ्या विजेपुढे यातले काही टिकत नाही. पण आसपास पडलेल्या विजेच्या झटक्याने यंत्रे जळण्याचे प्रमाण पुष्कळ कमी होते. कडकडाट सुरू झाला की घरातल्या टोकाची लॅन केबल काढून ठेवावी. खांबाशी किंवा केबलशी ऐन कडकडाटात कोणी जाऊ नये, म्हणून हे काम ढग जमतानाच करावे.

वस्तीवर शेतीपंपाची वीज पाळीने येते, म्हणून तिथल्या टोकाला सौर जोड द्यावा. डबी सुमारे ८ वॅट खाते असे धरले, तर दिवसाला १९२ वॅट-तास लागतात. श्रावणात दोन दिवस ऊन पडले नाही तरी चालावे असे वाटत असेल, तर ३८४ वॅट-तासांची सोय हवी. १२ व्होल्ट ४० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी ४८० वॅट-तास साठवते आणि ती पुरते. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून खाली उतरवायची नसते, म्हणून ती ७५ अँपिअर-तासांची घ्यावी. सोबत १०० वॅटचे पॅनेल लावावे. राउटर आणि कॅमेरेही याच बॅटरीवर चालणार असतील, तर त्यांचे वॅट या हिशेबात आधी मिळवून घ्यावेत.

जोडणी सुरू झाली की दोन्ही साखळ्यांचे आकडे, गोंगाटाची पातळी, चॅनल आणि तारीख बॅटरीच्या पेटीच्या झाकणावर आतून ऑइलपेंटने लिहून ठेवावी, आणि दर महिन्याला एक ओळ वाढवावी. माझ्या झाकणावर आता तीन हंगामांच्या ओळी आहेत. दोन्ही साखळ्या महिनोन्महिने सावकाश उतरत असतील, तर वाटेत काहीतरी वाढते आहे. एका वादळात दोन्ही एकदम पडल्या, तर अँटेना फिरली आहे. एकच पडली, तर पाणी शिरले आहे किंवा डबी तिरकी झाली आहे. आणि आकडे जसेच्या तसे असून नेट संथ असेल, तर गोंगाट वाढला आहे. तेव्हा शिडी काढण्याऐवजी आधी चॅनल बदलून पाहावा. मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या वळवाच्या आधी, एकदा दोन्ही खांबांवर चढून बोल्ट आवळावेत, रबरी पट्टी तडकली असल्यास नवी गुंडाळावी आणि डबीच्या तळाच्या भोकात गांधीलमाशीने केलेले मातीचे घर काढून टाकावे, कारण तेच भोक आत साचलेले पाणी बाहेर सोडते.